तीन महिन्यांचे पैसे अडकलेत, नोकरी सोडून फुल टाइम लिहू का?

"ताई, मी नेर तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहते. बी.ए. झालं, खाजगी शाळेत क्लार्क आहे, पगार ९,०००. रात्री सगळे झोपले की एका एजन्सीसाठी मराठी कंटेंट लिहिते, शब्दाला ४० पैसे, महिन्याला १५०० शब्दांचे २० लेख. तीन महिन्यांपासून पैसे आले नाहीत, क्लायंटकडून आले की देतो म्हणतात. पॅन आणि खातं मिस्टरांचं दिलं होतं. आधी आले ते पैसे जूनमधे बियाण्या-खतात गेले. सासूबाई म्हणतात, रातभर त्या डब्यासमोर बसते अन् पैसा तं दिसत नाई. नोकरी सोडली तर दुप्पट लेख होतील. सोडू का? एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती, त्याचं मानधनही नाही मिळालं, फक्त अंक आला. नाव छापू नका."

नाही, आत्ता सोडू नको. आधी हे सांगते म्हणजे पुढचं नीट वाचशील.

कागद घे आणि हिशोब मांड. १५०० शब्दांचे ६०० रुपये, वीस लेखांचे १२,०००, शाळेचे ९,००० धरून आज तुझे २१,००० होतात. शाळा सोडून ४० लेख लिहिले तर २४,०००. म्हणजे तू महिन्याला ३,००० जास्तीसाठी हातची नोकरी सोडून राहिली, आणि तेही एजन्सीनं वेळेवर दिले तर, जे ती आत्ताच देऊन नाही राहिली. एका लेखाला वाचन, लिहिणं, त्यांच्या दुरुस्त्या धरून पाच तास जात असतील तर ४० लेखांचे २०० तास झाले, वरून लाईट गेली, नेट गेलं ते वेगळं, रिचार्ज आणि लॅपटॉपची दुरुस्ती तुझ्याच खिशातून. मेहनतीत तू कुठंच कमी नाही गं, रेट कमी आहे आणि गिऱ्हाईक एकच आहे, खरी अडचण ही आहे.

आता अडकलेले ३६,०००. खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्यानं पहिल्या गाडीचे पैसे दिले नाही तर तुझे सासरे त्याला दुसरी गाडी भरून देतील का? मग तू चौथ्या महिन्याचे लेख काऊन लिहून राहिली? आजच थांबव. फोनवर बोलू नको, ईमेल कर, तीन महिन्यांची तीन बिलं जोड, प्रत्येकात लेखांची नावं, शब्द, रक्कम, लेख पाठवल्याची तारीख, आणि खाली एवढंच लिही की जुनी बाकी जमा झाल्यावर पुढचं काम सुरू करीन. भांडण नको, रडगाणं नको. क्लायंटनं एजन्सीला दिले की नाही हा त्यांचा आपसातला मामला आहे, काम तू एजन्सीला दिलं.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून टाक. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकार एक रुपयाही घेत नाही, सेतूवाला हजार मागत असेल तर उठून ये. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात अशा नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. मात्र नोंदणीच्या आधीच्या कामासाठी या कायद्याच्या भरवशावर राहू नको, हे पुढच्या कामासाठी आहे. बिलावर उद्यम नंबर दिसला की पैसे देणाऱ्यालाही कळते की समोरच्या बाईला नियम माहीत आहेत.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते पॅनचं. रात्री जागून लिहिलं तू आणि सरकारच्या कागदावर कमाई मिस्टरांची. मिस्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, तसं पत्रात कुठं दिसतही नाही, पण उद्या तुला लॅपटॉपसाठी कर्ज काढायचं झालं तर दाखवशील काय? एजन्सी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापत असेल तर १२,००० वर १,२०० गेले, वर्षाचे १४,४००, आणि ते जमा होतात ज्याचं पॅन त्याच्या नावावर. मिस्टरांच्या पॅनवरचं २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा सरकारी उतारा, उघडून पहा, कापलेले खरंच भरले का ते दिसेल, त्यांचं उत्पन्न करात बसत नसेल तर रिटर्न भरून परत मागता येतात. पुढचं सगळं तुझ्या पॅनवर, तुझ्या खात्यात, जनधनचं असलं तरी चालते. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर शून्यच आहे, तुझं वर्षाचं अडीच लाखाच्या आसपास होते, म्हणजे कापलेला सगळा परत.

सासूबाईंवर रागावू नको. त्यांनी पैसा कापूस विकून हातात येतानाच पाहिला आहे, स्क्रीनवरचा त्यांना कसा दिसेल. स्वतःचं पासबुक झालं की एन्ट्री मारून आण आणि त्यांच्यासमोर ठेव. पेरणीला पैसे दे, घर तुझंही आहे, पण प्रत्येक रकमेतले थोडे आधी बाजूला काढ, जूनच्या तोंडावर सगळं खातं रिकामं करू नको.

कथेचं दोन शब्दांत. मानधन माग, मागायला लाजू नको, पण त्यावर संसाराचा हिशोब धरू नको. तू लेखी हक्क दिले नसतील तर कथा तुझीच आहे, पुढं संग्रहात घे.

आता काम कुठलं शोधायचं. 'केस गळतीवर दहा उपाय' असला मजकूर आता एआय फुकटात काढून देते, त्यात ४० पैशांवरून तू वर जाणार नाही. पण तुला कापसावरची गुलाबी बोंडअळी माहीत आहे, तिचे पतंग पकडायचा कामगंध सापळा कसा लावतात, फवारणीवाला मजूर खरंच काय घालून जातो, हे तू रोज पाहते. २०१७ मधे आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. औषधाच्या डब्यावरच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरातल्या सूचना कुणी वाचायच्या आणि कशा? शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत माहितीपत्रक, यूट्यूबच्या स्क्रिप्ट, अनुवाद, हे बियाणं कंपन्यांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना, शेतीवर काम करणाऱ्या संस्थांना लागते आणि मुंबई-पुण्यात बसून ते धड जमत नाही. तिथं शब्दाला दीड रुपया माग, सव्वावर ये, त्याखाली नको, आणि नव्या गिऱ्हाईकाकडून अर्धे आधी घे.

अशी तीन गिऱ्हाईकं झाली, एकमेकांशी संबंध नसलेली, आणि खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च साठला, तर शाळेचा राजीनामा लिही, मी स्वतः म्हणेन सोड. त्याआधी फवारणी करताना घ्यायच्या काळजीवर एक पान लिहून मला पाठव, तुमच्या गावातला मजूर बोलतो त्या भाषेत. मी वाचून कुठं कमी-जास्त ते सांगते, मग तेच पान नमुना म्हणून चार ठिकाणी पाठवू.