टाइट एंड : दोन कामं, एक पगार

मागच्या खेपेला जाता जाता लिहिलं होतं की एनएफएलमध्ये (अमेरिकेतली फुटबॉल लीग) क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, सोडला तर मला सगळ्यात जास्त बघायला आवडतो तो टाइट एंड, तर त्यावर इतके प्रश्न आले की आजचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. (अमेरिकन फुटबॉल हां, मेस्सीवाला नाही. दरवेळी कोणीतरी चिडतं म्हणून आधीच सांगितलं.)

पुण्याहून एक वाचक : रविवारी रात्री साडेदहाला मॅच लावतो, घरचे झोपलेले असतात म्हणून म्यूटवर बघतो. पण हा टाइट एंड नेमका कोण तेच कळत नाही. कधी लायनीत वाकलेला असतो, कधी पार साइडलाइनजवळ उभा.

म्यूटवर बघता ते उलट बरंच आहे, नजर बॉलवरून हटायला मदत होते. ऑफेन्सचे, म्हणजे बॉल ज्यांच्याकडे त्या बाजूचे, ११ जण, त्यातले निदान ७ लायनीवर पाहिजेत असा नियम. त्यातले मधले पाच, म्हणजे सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल, हे पास पकडू शकत नाहीत, त्यांचं काम फक्त रेटायचं. टॅकलच्या खांद्याला खांदा लावून जो उभा राहतो तो टाइट एंड, आणि तो लायनीच्या टोकाला असल्यामुळे त्याला पास पकडता येतो. टॅकलला चिकटून म्हणून टाइट, एवढंच त्या नावात आहे.

म्हणजे बघा, एका प्लेला, म्हणजे एका चालीला, सव्वाशे किलोच्या डिफेन्सिव्ह एंडला (समोरच्या लायनीतला टोकाचा माणूस) अंगावर घ्यायचं आणि पुढच्याच प्लेला वीस यार्ड पळून दोन जणांच्या मधून बॉल काढायचा. पूर्वी हा बहुतेक करून जादाचा ब्लॉकरच असायचा. १९६१ला शिकागो बेअर्सचा माइक डिटका आला आणि त्याने पहिल्याच वर्षी ५६ कॅच आणि १,०७६ यार्ड केले, तेव्हा लोकांना कळलं की या जागेवरून मारही देता येतो. नवख्या टाइट एंडसाठी यार्डचा तो आकडा किती वर्षं टिकला माहितीये? २०२४पर्यंत, मग रेडर्सच्या ब्रॉक बाउर्सने १,१९४ करून मोडला.

न्यू जर्सीहून : कॉमेंटेटर सारखं "१२ पर्सोनेल", "१३ पर्सोनेल" म्हणतात. दोन दोन टाइट एंड घेऊन काय मिळतं? एक फास्ट रिसीव्हर बाहेर बसवून जाडा माणूस आत आणायचा, हा तोटाच नाही का?

या प्रश्नावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळी गंमत इथेच आहे.

आधी आकडा. पहिला अंक रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) किती, दुसरा टाइट एंड किती. दोघांची बेरीज पाचातून वजा केली की उरतील तेवढे वाइड रिसीव्हर (बाहेर पसरून पास पकडणारे). ११ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर, आणि हल्ली बहुतेक टीम बहुतेक वेळ हेच खेळतात. १२ म्हणजे दोन टाइट एंड.

आता स्वतःला डिफेन्स कोऑर्डिनेटरच्या (डिफेन्स आखणारा कोच) जागी ठेवा. समोरून दोन टाइट एंड मैदानात आले. तुमच्याकडे दोन पर्याय. एक, तीन लाइनबॅकर (डिफेन्सच्या लायनीमागे उभे राहणारे) ठेवून जड माणसं खेळवायची, याला बेस म्हणतात. दोन, एक लाइनबॅकर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारा, हलका आणि चपळ) आणायचा, म्हणजे निकेल. तुम्ही बेस ठेवलात तर क्वार्टरबॅक दोन्ही टाइट एंडना बाहेर पसरवतो, आणि तुमचा जाडजूड लाइनबॅकर बिचारा मोकळ्या मैदानात एकटा त्यांच्यामागे धावतो. निकेल आणलात तर तेच दोघं टॅकलला येऊन चिकटतात आणि तुमच्या नव्वद किलोच्या पोराच्या अंगावरून रन जातो. तुम्ही काहीही निवडा, चूकच ठरणार! क्रिकेटमध्ये सातव्या नंबरचा माणूस खरी बॅटिंगही करतो आणि दहा ओव्हरही टाकतो तेव्हा समोरच्या कॅप्टनची जी पंचाईत होते ना, तशीच ही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण २०११चे न्यू इंग्लंड पॅट्रियट्स. रॉब ग्रॉन्काउस्की आणि अ‍ॅरन हर्नांडेझ, दोघंही २०१०च्या ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंची टीमांनी पाळीपाळीने केलेली निवड). ग्रॉन्कने त्या सीझनला ९० कॅच, १,३२७ यार्ड आणि १७ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे) पकडले, हर्नांडेझने ७९ कॅच आणि ९१० यार्ड. पण आकड्यांपेक्षा पद्धत बघा. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी हडलच (प्लेच्या आधी घोळका करून ठरवणं) करायचा नाही. ऑफेन्सने माणसं बदलली तर पंच डिफेन्सलाही बदलायला वेळ देतात, ऑफेन्सने बदललीच नाहीत आणि लगेच स्नॅप घेतला, म्हणजे बॉल मागे घेऊन प्ले सुरू केला, तर डिफेन्स आहे त्या माणसांवर अडकतं. मग तेच अकरा जण, एका प्लेला गच्च लायनीत, पुढच्या प्लेला पार मैदानभर पसरलेले. जानेवारी २०१२मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या प्लेऑफला तर हर्नांडेझला चक्क रनिंग बॅकच्या जागी उभा केला, ५ वेळा बॉल दिला आणि त्याने ६१ यार्ड काढले, स्कोर ४५-१०. (हर्नांडेझचं पुढे काय झालं, खुनाचा खटला वगैरे, तो काळा विषय आहे, इथे नको.) पण त्याच मोसमाच्या सुपर बोलला, म्हणजे लीगच्या फायनलला, ग्रॉन्कचा घोटा दुखावलेला होता, दोनच कॅच मिळाले आणि जायंट्सने २१-१७ने मॅच काढली. दोघांपैकी एक लंगडला की डिफेन्सला निवडणं एकदम सोपं होतं.

आणि दोन टाइट एंड म्हणजे पासच असंही नाही. २०१९चे बाल्टिमोर रेव्हन्स घ्या, मार्क अँड्र्यूज, निक बॉयल, हेडन हर्स्ट, तिघं टाइट एंड आळीपाळीने, कधी कधी तिघंही एकदम. बॉयल जवळजवळ सहावा लाइनमनच, अँड्र्यूज पकडणारा. सोबत स्वतःही पळणारा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. टीमने सीझनभरात ३,२९६ यार्ड रन केले, तो लीगचा विक्रम झाला, आणि अँड्र्यूजचे १० टचडाउन वेगळेच.

कॅलिफोर्नियातून, जरा खवचट : आजकालचे टाइट एंड म्हणजे जाडे वाइड रिसीव्हरच ना? कॅन्सस सिटी चीफ्सचा केल्सी कधी ब्लॉक करताना दिसतो?

दिसतो हो, पण तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये. यावर तर एकदा रीतसर निवाडा झालाय!

२०१३ला न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या जिमी ग्रॅहमने ८६ कॅच, १,२१५ यार्ड, १६ टचडाउन केले. टीमने त्याला फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे एका वर्षासाठी ठरलेल्या रकमेवर बांधून ठेवला. ती रकम जागेप्रमाणे ठरते. टाइट एंडला साधारण ७० लाख डॉलर, वाइड रिसीव्हरला १ कोटी २३ लाख. ग्रॅहम म्हणाला, अहो मी दोन तृतीयांश वेळ टॅकलला चिकटलेलो नसतोच, मी रिसीव्हर आहे, मला तो पैसा द्या. लवादाने २०१४च्या जुलैत निकाल दिला की टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा असलास तरी तू टाइट एंडच. शिवाय निकालात हेही आलं की स्वतःच्या ट्विटर प्रोफाइलवर यानेच टाइट एंड लिहिलंय. घ्या! पुढे ४ वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार झाला, म्हणजे काही रस्त्यावर आला नाही, पण माझ्या मते या जागेची सगळी व्यथा त्या एका निकालात आहे. दोन माणसांचं काम करा आणि स्वस्तातल्या माणसाचा पगार घ्या.

पण तुमच्या मुद्द्याला खरं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोत आहे, तुमच्याच भागात. जॉर्ज किटल. २०१८ला त्याने १,३७७ यार्ड पकडले. आता जानेवारी २०२०ची पॅकर्सविरुद्धची कॉन्फरन्स फायनल (सुपर बोलच्या आधीची फेरी) आठवा, क्वार्टरबॅक गारोपोलोने अख्ख्या मॅचमध्ये फक्त ८ पास टाकले. किटलला १ कॅच, १९ यार्ड. आणि रनिंग बॅक रहीम मोस्टर्टने २२० यार्ड पळून ४ टचडाउन मारले. स्टॅट शीट बघणारा म्हणेल किटल फेल गेला, पण रन ज्या बाजूने फुटत होता तिथे बघा, तो कोणाला तरी रेटत नेताना सापडेल. ब्लॉक खरा असला की लाइनबॅकरला प्रत्येक वेळी पुढे पाऊल टाकावंच लागतं, आणि तेच पाऊल पुढे प्ले-अ‍ॅक्शनला (रनचं नाटक करून टाकलेला पास) त्याच्या पाठीमागे पंधरा यार्डांची जागा उघडतं. ब्लॉक नुसता नावाला असेल तर लाइनबॅकर हलतच नाही, मग तुमच्याकडे उरतो एक हळू पळणारा रिसीव्हर.

केल्सीची गोष्ट वेगळी. त्याची कला डोक्यात आहे. कॉलेजात काही काळ क्वार्टरबॅक खेळलेला माणूस, त्यामुळे झोन डिफेन्समध्ये (माणूस नाही, जागा राखणारा) भोक कुठे पडणार ते त्याला आधी दिसतं, तो तिथे जाऊन नुसता थांबतो. आणि क्वार्टरबॅक माहोम्सला माहीत असतं तो कुठे थांबणार. २०२०ला १५ मॅचमध्ये १,४१६ यार्ड असेच आले. असा माणूस मिळाला तर मीही म्हणीन बाबा, नको करूस ब्लॉक.

एडिसनहून एक आई : मुलगा अकरावीत, ६ फूट ४ इंच, बास्केटबॉल खेळतो. फुटबॉलचे कोच मागे लागलेत टाइट एंड हो म्हणून. आयुष्यात फुटबॉल खेळला नाहीये. जमेल का?

ताई, परंपरा तर जोरदार आहे. अँटोनिओ गेट्स केंट स्टेटला बास्केटबॉलच खेळला, कॉलेज फुटबॉल शून्य, २००३ला ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, चार्जर्सने तसाच उचलला, ११६ टचडाउन पकडले आणि २०२५ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. टोनी गोन्झालेझ कॅल बर्कलीला दोन्ही खेळायचा. रिबाउंडसाठी पाठीने माणूस अडवून बॉल वर पकडणं, हीच हालचाल गोललाइनजवळ लागते.

पण बॉल पकडणं त्याला आठवडाभरात येईल, ब्लॉकिंगला दोन वर्षं. मी इथल्या एका शाळेत वीकेंडला मुलांना ब्लॉकिंग शिकवायला मदत करायचो, उंच पोरांची एकच बोंब, कंबरेतून वाकतात, गुडघ्यातून वाकतच नाहीत. मग समोरचा बुटका खालून येतो आणि यांना उचलून टाकतो. तेव्हा कोचला सरळ विचारा, पहिल्या वर्षी याला ब्लॉकिंग कोण शिकवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर समजा त्यांना फक्त उंची हवीये. आणि डोक्याला मार लागल्यावर शाळा काय करते तेही विचारा, लाजू नका.

फँटसीवाला (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर घरबसल्या टीम खेळवणारा), गाव लिहिलेलं नाही : टेसम हिल टाइट एंड आहे की नाही? आमच्या लीगमध्ये यावरून दोन मित्र बोलेनासे झालेत.

बोला रे एकमेकांशी. कागदावर टाइट एंड, जीवाने क्वार्टरबॅक. २०२२ला सेंट्सकडून सिअ‍ॅटलविरुद्ध ९ रनमध्ये ११२ यार्ड, ३ टचडाउन, वर एक टचडाउन पास टाकला, आणि ते सगळे पॉइंट कोणाच्या तरी टाइट एंडच्या खात्यात, भांडण तर होणारच. पण मी ज्याला अष्टपैलू टाइट एंड म्हणतोय तो हा नाही. हिल आला की काहीतरी वेगळं घडणार हे अख्ख्या स्टेडियमला कळतं. टाइट एंडच्या हातून फसवणूक बघायचीये तर फेब्रुवारी २०१८चा सुपर बोल, हाफटाइमच्या तोंडावर फोर्थ डाउन (चौथी, शेवटची संधी), ईगल्सच्या ट्रे बर्टनने स्वतःच्याच क्वार्टरबॅकला, निक फोल्सला, टचडाउन टाकला. बर्टन शाळेत क्वार्टरबॅक होता हे त्या क्षणी समोरच्या पॅट्रियट्सपैकी कोणाच्या डोक्यात असणार?

नाशिकहून : एवढं भारी आहे तर सगळ्याच टीम दोन-तीन टाइट एंड का नाही खेळवत?

कारण मिळत नाहीत. कॉलेजात बऱ्याच ठिकाणी टाइट एंडला लांब उभा करून नुसता पास पकडायला लावतात, लायनीत हात टेकवून ब्लॉक त्याने फार केलेलाच नसतो, आणि इथे येऊन त्याला रिसीव्हरचे सगळे रूट (पळायच्या वाटा) आणि लाइनमनची सगळी प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला वाचवायचे ब्लॉक) दोन्ही पाठ करावी लागतात. म्हणून पहिलं वर्ष बहुतेकांचं वाया जातं. डेट्रॉइटच्या सॅम लापोर्टाने २०२३ला आल्या आल्या ८६ कॅच घेतले, बाउर्सने पुढच्या वर्षी ११२, पण अशी पोरं रोज मिळत नाहीत.

दुसरं म्हणजे डिफेन्सवालेही झोपलेले नाहीत. त्यांनी लाइनबॅकरइतकी मोठी पण कॉर्नरसारखी (बाहेरच्या रिसीव्हरला धरणारा चपळ गडी) पळणारी सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा राखणदार, शोधायला सुरुवात केली, रेव्हन्सचा काइल हॅमिल्टन बघा, ६ फूट ४ इंच. असा एक असला की निकेलमध्ये राहूनही रन अडवता येतो. मग ऑफेन्सने आणखी एक टाइट एंड वाढवला. रॅम्सचा शॉन मॅकव्हे, ज्याने वर्षानुवर्षं ११ पर्सोनेल सोडून काही खेळलं नाही असं वाटायचं, तोच २०२५ला १३वर आला, तीन तीन टाइट एंड.

येत्या रविवारी एवढंच करा. स्नॅपच्या आधी टाइट एंड मोजा, मग डिफेन्सचे मधले लाइनबॅकर किती ते मोजा, आणि मनात म्हणा रन की पास. चार-पाच प्लेनंतर एखादा टाइट एंड लायनीवरून उठून बाहेर चालत जाईल, आणि एक लाइनबॅकर हात हलवत सेफ्टीला काहीतरी विचारत त्याच्या मागे निघेल. म्यूटवर असलात तरी तो काय विचारतोय ते कळेल.