लाल मिलो आणि हायब्रीड ज्वारी

प्रश्न : आमची आजी 1972च्या दुष्काळातल्या लाल मिलोला अजून नावं ठेवते. अमेरिकेने तेव्हा गुरांचं खाद्य आपल्या गळ्यात मारलं, हे खरं का? ज्वारीच्या शेतीला बाहेरच्या देशांचा काही उपयोग झाला की नाही?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आजींची तक्रार रास्त आहे. मिलो ही ज्वारीच, पण अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांसाठी पिकवतात. पिठाला चिकटा नाही, भाकरी थापतानाच चिरायची. रेशनवर दुसरं मिळत नव्हतं म्हणून लोकांनी खाल्ली. जन्मभर ज्वारीच शिकवली, तरी त्या भाकरीची बाजू मी घेणार नाही.

पण आजींना पुढचंही सांगा. ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि फूल इवलंसं. संकरासाठी हाताने पुंकेसर काढत बसलं तर एका एकराचं बी व्हायला जन्म जाईल. 1954मध्ये टेक्सासच्या स्टीफन्स आणि हॉलंड यांनी वाट काढली. मिलो आई धरायची, तिला काफिर ज्वारीचे पराग द्यायचे आणि पुढच्या पिढ्यांनाही काफिरचेच देत राहायचे. मिळतात ती झाडं नरवंध्य, म्हणजे पराग न देणारी; पुंकेसर काढायची गरजच नाही. 'कम्बाइन काफिर 60' या काफिर वाणाची अशी नरवंध्य मादी भारतात आली, तिला आयएस 84 या ज्वारीचे पराग दिले आणि 1964मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा आपला पहिला संकरित वाण निघाला. गावोगाव जिला नुसतं 'हायब्रीड' म्हणत, तिच्या पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीतल्या आईकडूनच येणाऱ्या भागात, आजींची नावडती मिलोच होती! आयएस हा देशोदेशीच्या ज्वाऱ्यांच्या संग्रहातला क्रमांक. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने तो संग्रह भारतात उभा राहिला. आता तो हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत आहे. ही संस्थाही 1972चीच.

हायब्रीडचे दोषही होते. बुटकी, म्हणून कडबा कमी. लवकर निसवायची, मग दाणा भरताना पाऊस आला की कणसं काळी. पेरणी लांबली की खोडमाशी. शिवाय बी दरवर्षी विकत. खरिपात दाण्याचा उतारा मात्र तिने वाढवला, हे मान्य करावंच लागतं.

तुमच्याकडच्या रब्बीत तिची डाळ शिजली नाही. तिथे मालदांडी 35-1, तुमच्या शेजारच्या मोहोळला निवडलेली, जमिनीतल्या ओलीवर पोसणारी. खायची भाकरी विचाराल तर माझं मत तिलाच.