कात्री आधी, यंत्र नंतर

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा आलेख मिळाला. तुझ्या रेणूची ऊर्जा काढणारं क्वांटम रसायनशास्त्राचं गणित एका नोडवर, म्हणजे समूहातल्या एका संगणकावर, सहा तास; आठ नोडवर साडेपाच तास. आणि त्याखाली तुझा प्रश्न: ‘सर, आता जीपीयूवर न्यायचं का?’

नको. जीपीयू, म्हणजे एका वेळी हजारो छोटी गणितं करणारी ती चिप, निदान या महिन्यात तरी नको. आधी आपण जरा हिशेब मांडू.

तुझ्या रेणूला ६०० बेसिस फंक्शन आहेत, म्हणजे ज्यांच्या बेरजेने आपण इलेक्ट्रॉनांचं वर्णन करतो ती ठरावीक फंक्शनं. दोन इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण सांगणाऱ्या इंटिग्रलची संख्या या आकड्याच्या चौथ्या घातात वाढते. सममितीमुळे त्यातले आठातला एकच मोजावा लागतो, तरी १,६२० कोटी उरतात. प्रत्येकी आठ बाइट धरले तर जवळपास १३० जीबी होतात. हे सगळं तू डिस्कवर लिहितेस आणि एससीएफच्या, म्हणजे उत्तर स्थिर होईपर्यंत चालणाऱ्या गणिताच्या, प्रत्येक फेरीत परत वाचतेस. तुझे आठही नोड एकाच डिस्कच्या दारात रांग लावून उभे आहेत. प्रोसेसर वाढवल्याने रांग लांबते, दार रुंद होत नाही. उद्या जीपीयू घेतलेस तर तेही त्याच रांगेत येऊन उभे राहतील, फक्त जास्त महाग!

यावरचा उपाय जुना आहे. १९८२ साली आल्मलॉफ, फेग्री आणि कोर्सेल यांनी सुचवलं, की इंटिग्रल साठवूच नका, दर फेरीला नव्याने मोजा. ऐकायला उधळपट्टी वाटते. पण मोजणं दिवसेंदिवस स्वस्त होत गेलं आणि आकडे इकडून तिकडे नेणं महागच राहिलं. शिवाय एकमेकांपासून लांब असलेल्या फंक्शनांचे इंटिग्रल इतके क्षुल्लक असतात, की श्वार्ट्झच्या असमानतेने ते मोजण्याआधीच ओळखून टाकून देता येतात. मोठ्या रेणूत यानेच कामाचा मोठा भाग गळून पडतो. ‘हे काम झटपट कसं करू’ याआधी ‘हे करायलाच हवं का’ असं विचारायची सवय लावून घे.

राहिलेलं काम वाटतानाही सगळ्यांना सारखा वाटा देऊ नकोस. इंटिग्रलचा एक गठ्ठा क्षणात संपतो, दुसरा शंभर पट वेळ खातो. बँकेतल्या टोकनसारखा एक सामाईक काउंटर ठेव. ज्याचं काम संपेल त्याने पुढचा नंबर उचलायचा. एनडब्ल्यूकेम या रसायनगणिताच्या प्रोग्राममध्ये हेच आहे. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात समांतर यंत्रांसाठीच तो प्रोग्राम नव्याने लिहिला गेला. तो २०१० पासून ओपन सोर्स आहे. त्याखालचा ‘ग्लोबल अ‍ॅरेज’ नावाचा थर जरूर वाच. अनेक नोडांवर विखुरलेलं मॅट्रिक्स रसायनाच्या कोडला एकसंध कसं दिसतं, ते तिथे कळेल. यंत्रं बदलत राहतात. ज्यांच्या कोडमध्ये रसायन आणि यंत्र यांची खिचडी झालेली असते, त्यांना दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते.

आता थोडं पुण्याबद्दल. म्हाताऱ्या माणसाला एवढी मुभा दे. सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि तिचा परम ८००० हा महासंगणक १९९१ साली आला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे, आणि वाट्याला थोडकी मेमरी. पुणे विद्यापीठात डॉ. श्रीधर गद्रे यांच्या गटाने अशा यंत्रासाठी इंटिग्रल आणि एमपी२ (इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा परिणाम जास्त नेमका धरणारी पद्धत) यांची समांतर कोडं लिहिली. अंथरूण आखूड होतं, तेव्हा पाय कसे पसरायचे हा प्रश्न रोजचाच. याच गटाने १९९४ साली ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ मांडलं. नावातच शिंपी आहे. मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, तुटलेल्या बंधाच्या टोकाला हायड्रोजन लावायचा, तुकडे स्वतंत्रपणे सोडवायचे आणि उत्तर पुन्हा शिवायचं. सुरुवात विद्युत-विभवापासून झाली, पुढे ऊर्जेपर्यंत गेली. तिथला हिशेब शाळेतल्या वेन आकृतीचाच: तुकड्यांची बेरीज, त्यातून दोघांच्या सामाईक भागाची वजाबाकी, तिघांच्या सामाईक भागाची पुन्हा बेरीज. कापड कुठे फाडायचं हे मात्र रसायन सांगतं, संगणक नाही. बेंझिनच्या कड्यातून कात्री चालवलीस तर पुढचा सगळा पसारा व्यर्थ.

ही फक्त गरिबीतली युक्ती होती असं वाटत असेल, तर अलीकडचं उदाहरण बघ. महासंगणकांवरच्या कामासाठी दिलं जाणारं २०२४ चं गॉर्डन बेल पारितोषिक ज्युसेप्पे बार्का यांच्या गटाला मिळालं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या फ्रंटियर महासंगणकावर त्यांनी दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन असलेल्या प्रणालीचं एमपी२ पातळीवरचं गतिशास्त्र चालवलं. हजारो नोड आणि प्रत्येक नोडमध्ये चार जीपीयू, तरीही रेणूचे तुकडे केलेच. कारण सरळ आहे. एमपी२चं काम आकाराच्या पाचव्या घातात वाढतं आणि त्याहून अचूक अशा सीसीएसडी(टी) पद्धतीचं सातव्या. म्हणजे या दुसऱ्या पद्धतीत रेणू दुप्पट केला की काम १२८ पट. एवढी यंत्रं कोण पुरवणार?

तुझ्या आलेखाबद्दल आणखी एक. वेगवाढीचा आलेख सुंदर दिसावा म्हणून लोक काय काय करतात ते मी पाहिलं आहे. सगळ्यात सोपी लबाडी म्हणजे एका प्रोसेसरवरचं कोड गलथान ठेवणं. प्रत्येक जण फालतू कामात गुंतलेला असला की आलेखाची रेघ सरळ वर जाते. म्हणून मी रेघ बघत नाही, आधी तास विचारतो.

आणि उत्तर बरोबर आहे ना, हेही विचारतो. मी एकदा दोन आठवडे याच पायी घालवले. माझं कोड एका प्रोसेसवर बरोबर, दोनवर बरोबर, अठ्ठेचाळीसवर कधी बरोबर तर कधी चौथ्या दशांशात चूक. आधी मी स्वतःला समजावलं, बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे आकडे हलणारच. हे खरं आहे, पण ते हलतात दहाव्या-बाराव्या दशांशात. चौथ्यात नाही. एक प्रोसेस मॅट्रिक्समध्ये भर घालत असताना दुसरी तेच वाचत होती. दुरुस्ती एका ओळीची होती: सगळे येईपर्यंत थांबा. पाण्याच्या एका रेणूची ऊर्जा उणे ७६ हार्ट्रीच्या (हे अणू-रेणूंच्या ऊर्जेचं एकक) आसपास असते आणि रसायनशास्त्राला चालणारी चूक ०.००१६ हार्ट्री. चौथ्या दशांशातल्या अशा सात-आठ छोट्या चुका एकत्र आल्या की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

तेव्हा आता एवढं कर. डिस्कवर लिहिणं बंद कर आणि श्वार्ट्झची चाळणी लाव. मग पाण्याचा रेणू घे, तो ३७ अंशात फिरव, उगमापासून दहा बोर (हे अणूंच्या मापाचं लांबीचं एकक) सरकव आणि पुन्हा चालव. एससीएफमधून येणारी हार्ट्री-फॉक ऊर्जा दहाव्या दशांशापर्यंत तीच यायला हवी. ही दोन्ही गणितं एका, सात आणि अठ्ठेचाळीस प्रोसेसवर कर. सात मुद्दाम सांगतोय, कारण जिथे भाग नीट जात नाही तिथे चुका दडून बसतात. अणूंवरच्या बलांसाठी अणू किंचित हलवून ऊर्जेतल्या फरकाशी ताळा घे.

त्या सहाही आउटपुट फाइल मला पाठव, छाटू नकोस, जशाच्या तशा. जीपीयूच्या वेळेचा अर्ज तोवर तुझ्याकडेच राहू दे. शेवटची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मी पाहिलं आहे.

तुझा,
जुना सर