हा नॉर्मन सरदार नक्की कोणाचा?

प्रश्न : इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा सरदार जोफ्रुआ द'हार्कूर आधी इंग्लंडकडे गेला, मग परत फ्रान्सकडे, मग पुन्हा इंग्लंडकडे. असं कसं?

उत्तर : अहो, सुरुवात एका लग्नावरून झाली! एका श्रीमंत वारसदार मुलीच्या लग्नावरून बेर्त्राँ घराण्याशी भांडण पेटलं, 1343 मध्ये फ्रेंच राजा सहाव्या फिलिपने याची जमीन जप्त केली, मग हा पळाला आणि 1345 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला आपला राजा मानून मोकळा झाला. जुलै 1346 मध्ये इंग्रज फौज नॉर्मंडीत उतरली तेव्हा वाट दाखवायला हाच, घरचाच भेदी म्हणा ना. पण ऑगस्टमध्ये क्रेसीच्या लढाईत याचा सख्खा भाऊ फ्रेंचांकडून लढताना मेला, आणि त्याच वर्षाअखेर हा गळ्यात टॉवेल अडकवून, म्हणजे फाशीला तयार असल्यासारखा, फिलिपपुढे हजर! माफी मिळालीसुद्धा. पुढे एप्रिल 1356 मध्ये फिलिपनंतरचा फ्रेंच राजा जाँने नॉर्मंडीतल्या रुआँ शहरात याच्या पुतण्याला भर जेवणावरून उचलून मुंडकं उडवलं, मग काय, हा पुन्हा एडवर्डकडे. त्याच नोव्हेंबरात फ्रेंचांशी लढताना मेला. निष्ठा वगैरे सोडा, मला तर यात घरचा हिशोबच जास्त दिसतो.