कोरी राहिलेली सातवी ओळ

"कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही म्हणजे मी कमी पडलो, असंच ना?" कंत्राटावर काम करणारी मंडळी हे मला नाना तऱ्हांनी विचारतात. त्यातल्या एकांची गोष्ट, ओळख पटणारे तपशील बदलून सांगते.

ते मोठ्या कंपन्यांसाठी नेटवर्क आर्किटेक्ट, म्हणजे संगणकांचं जाळं कसं जोडायचं ते आखणारे. सहा महिने इथे, नऊ महिने तिथे. मुदत संपायला महिना उरला की झोप उडायची. पहिल्याच भेटीत मी घाई केली, "मग कायमची नोकरी का बघत नाही?"

"केली होती. दीड वर्षात कंटाळलो."

माझं चुकलंच. त्यांना काम आवडत होतं, निरोप झेपत नव्हता.

मग मागची सात कंत्राटं कागदावर उतरवायला सांगितली, प्रत्येकापुढे ते का संपलं ते. चार ठिकाणी डिझाइन पूर्ण होऊन सुपूर्द झालं होतं, दोन ठिकाणी बजेट थांबलं. सातव्यापुढे काहीच नाही.

तिथं दोन कंपन्या एकत्र होत होत्या आणि त्यांची नेटवर्क जोडायची होती. दोन्हींकडे यंत्रांचे अंतर्गत पत्ते १० या आकड्यानेच सुरू होणारे. यात नवल नाही म्हणाले. खासगी वापराचे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने राखून ठेवलेत, जो तो त्यातलेच उचलतो, आणि जोडणीच्या वेळी एकाच पत्त्याची दोन यंत्रं निघतात. त्यांनी ते ओळखून नॅट (वाटेत पत्ते बदलून देणारी सोय) आखलं होतं, पण एक छोटा सबनेट, म्हणजे नेटवर्कचा एक तुकडा, नजरेतून सुटला. रात्रीच्या चेंज विंडोत, म्हणजे बदलांसाठी राखलेल्या वेळेत, एका गोदामाचे स्कॅनर बंद पडले. रोलबॅक प्लॅन (बिघडलं तर आधीच्या स्थितीत परतायची योजना) त्यांनीच लिहिलेला, त्यामुळे पाऊण तासात सगळं पूर्ववत झालं. पुढच्या आठवड्यात जोडणीही झाली. तीन महिन्यांनी, ठरल्या तारखेलाच, मुदत संपली.

"कारण विचारलंत?"

"नाही. ते उघडच होतं."

उघड कसलं! पाच वर्षं ते मनात स्वतःच ती ओळ भरत होते.

मी त्यांना तेव्हाच्या मॅनेजरला विचारायला लावलं. (उत्तर कडूही येऊ शकतं, हे आधीच सांगितलं होतं. काहींना तसं येतंही.) दोन ओळींचं उत्तर आलं: पुढचा टप्पा रोजच्या देखभालीचा होता, त्यात आर्किटेक्टची जागाच नव्हती. स्कॅनरचा उल्लेखही नव्हता.

आता ते मुदतवाढीचं शेवटच्या आठवड्यात नाही, दोन महिने आधीच विचारतात. विचारण्याच्या आदल्या रात्री अजून झोप येत नाही म्हणतात.