गुलाबी बोंडअळीवरचं संशोधन शेतकऱ्यांपुढे मांडताना

तुझा पीएचडीचा विषय बीटी कपाशी (जिच्या झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं) आणि गुलाबी बोंडअळी. विदर्भातल्या शेतकऱ्याने 2017 चा हंगाम सोसलेला आहे, त्यामुळे डोमकळी, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेलं गुलाबासारखं फूल, कशी दिसते हे त्याला शिकवायला जाऊ नकोस. यंदा पहिली डोमकळी कधी दिसली, हे त्यालाच विचार आणि नीट ऐक.

मग मूळ मुद्द्यावर ये, आणि इथे घाई नको. 'अळीला बीटीची सवय झाली' असं सगळेच म्हणतात. तू कृपा करून म्हणू नकोस. एकेकटी अळी सवय लावून घेत नाही. बीटीचं प्रथिन खाऊनही ज्या मोजक्या अळ्या मुळातच तगतात, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. एवढं पटलं की बीटीसोबत लावायच्या नॉन-बीटी कपाशीचं कारण सहज उलगडतं: तिथले साधे पतंग या तगलेल्यांशी जुळतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही जादा वेचणीसाठी कपाशी उभी ठेवणं, का नको, तेही इथेच सांग. उभं पीक म्हणजे अळीला आणखी पिढ्यांचं खाद्य.

आकडे कमी दे. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग 3 रात्री प्रत्येकी 8 पतंग आले की उपाय करायचा, हा एक लक्षात राहिला तरी पुष्कळ आहे. जनुकांच्या आकृत्या परिसंवादासाठी ठेव.

आणि प्रयोग एकाच हंगामाचा असेल तर तसं स्पष्ट सांग. त्यावरून फवारणीचं औषध सुचवू नकोस; कुणी विचारलंच तर कृषी विज्ञान केंद्राकडे पाठव.