आईजवळ असलेल्या, मांजरीच्या पाच आठवड्यांच्या पिल्लाचं दूध कसं तोडायचं आणि त्याला शी-शूच्या ट्रेची सवय कशी लावायची?

दूध तुम्ही तोडू नका, ते आईच तोडते. चौथ्या आठवड्यानंतर ती पिल्लाला दूर ढकलायला लागते, उठून उंचावर जाऊन बसते. ते क्रूर वाटलं तरी मध्ये पडू नका. तुमचं काम एवढंच: किटन फूड कोमट पाण्यात भिजवून, पेजेसारखं पातळ करून, उथळ बशीत दिवसातून चार वेळा ठेवायचं. पहिल्यांदा पिल्लू त्यात पाय बुडवेल, नाक भरवेल, मग पंजा चाटता चाटता चव कळेल. आठव्या आठवड्यापर्यंत ते बहुतेक खाण्यावर येतं. गाईचं दूध मात्र नको, जुलाब होतात.

ट्रेसाठी कडा बुटकी हवी, पिल्लाला चढता आलं पाहिजे. ओली झाली की गोळा बनणारी लिटर (ट्रेमध्ये पसरायची वाळू) या वयात टाळाच. पिल्लं ती खातात आणि पोटात अडकू शकते. कागदाची किंवा लाकडी गोळ्यांची चालेल. आईने वापरलेली थोडी लिटर त्यात मिसळा, वासावरून त्याला जागा कळते. खाल्ल्यावर आणि झोपून उठल्यावर लगेच ट्रेमध्ये ठेवा. कोपऱ्यात शी केली तर ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका, घाबरून ते लपून करायला लागतं. जागा पुसताना फिनाईल वापरू नका, मांजरांना ते विषारी असतं.

आणि कृपा करून बारा आठवड्यांपर्यंत त्याला आईपासून तोडू नका. आईच्या नसबंदीच्या ऑपरेशनचंही डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, पिल्लू अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते.